सहावी ते आठवीच्या वर्गावर पहिल्यांदाच चाललाय? मग हे वाचून जा

टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन निघाला, टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) झाली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून झाला आणि आता हातात ऑर्डर आहे, जिल्हा परिषदेची शाळा, वर्ग सहावी ते आठवी. अभिनंदन! तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १६,००० मानधन (२०२३ च्या आधी ६,००० होतं, त्यामुळे जुने मास्तर "तुमची मजा आहे राव" म्हणणार, ऐकून घ्यायचं), गाव बहुतेक अनोळखी, आणि समोर अशी पोरं जी धड लहान नाहीत आणि धड मोठीही नाहीत. बऱ्याच जणांचे सरावपाठ डीएडला असताना चौथीपर्यंतच्या वर्गावर झालेले असतात नाहीतर बीएडला नववीवर, ही मधली पोरं कुणी नीट दाखवलेलीच नसतात.

म्हणून हे लिहितोय, रुजू व्हायच्या आधीपासून ते आठवीचा दाखला हातात देईपर्यंत, क्रमाने. पण सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे ती आधीच सांगून टाकतो. या वयाचं पोर चारचौघात आपलं हसं होऊ नये म्हणून काहीही करतं. मार खाईल, खोटं बोलेल, शाळा बुडवेल, पण आपल्याला येत नाही हे वर्गासमोर उघडं पडू देणार नाही. तिसरीतलं पोर चुकलं की जीभ चावतं आणि पुढच्या मिनिटाला विसरतं, सातवीतलं तीच गोष्ट दिवाळीपर्यंत मनात ठेवतं आणि तुमच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतं. पुढे जे जे सांगतोय ते याच एका गोष्टीला धरून आहे.

१. पोरं समोर यायच्या आधी

ज्या वर्गाला शिकवायचंय त्याच्या खालच्या दोन वर्षांची पुस्तकं आधी चाळा. सातवीचं गणित मिळालं असेल तर पाचवी आणि सहावीचं बघाच, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात. कारण समोरची निम्मी पोरं कुठे अडकलीत ते सातवीच्या पुस्तकात सापडणारच नाही.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास, आणि भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र यांना वेगळे विषयशिक्षक असं सगळं लिहिलंय. प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे दोन वर्ग, त्यात बीएलओची (मतदारयादीची) ड्युटी, त्यात ग्रुपवर दुपारी बारा वाजता "दोन वाजेपर्यंत माहिती सादर करावी, तात्काळ" असा मेसेज. त्यामुळे टाचण (तासाची तयारी) काढताना चाळीस मिनिटांच्या तासातली पंचवीसच आपली धरून चाला, मग चिडचिड होत नाही.

आणि अजून एक, खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. कुठलं पोर वस्तीवरून चालत येतं, कुणाचे आईबाप ऊसतोडीला कारखान्याला जातात, कोण घरून उपाशी येतं, कुणाच्या घरात दारू आहे, हे मुख्याध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहिती असतं, आणि त्या सांगतात पण, फक्त माणसासारखं बोलायला लागतं.

२. पहिला आठवडा

नावं पाठ करा. हजेरीवरचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं, पण गावभर ज्याला जाड्या किंवा काळ्या म्हणतात त्याला तुम्ही तसं म्हणायचं नाही, कितीही प्रेमाने असलं तरी. तो हसतो, कारण नाही हसला तर अजून चिडवतील म्हणून हसतो.

शाळांमध्ये काही जुन्या सवयी असतात ज्या कुणालाच चुकीच्या वाटत नाहीत आणि या वयाला मात्र फार लागतात. परिपाठाला उंचीनुसार रांग हे त्यातलं पहिलं. मुली साधारण दहा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, मुलं त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी, म्हणजे सहावी-सातवीत वर्गातल्या मुली ताडमाड आणि चार-दोन पोरं अजून चौथीतली दिसतात, आणि त्यांना आपण रोज सकाळी सगळ्यात पुढे उभं करून दाखवतो की बघा हा बुटका. हजेरी क्रमांकाने रांग लावा, काही बिघडत नाही. दुसरी सवय म्हणजे बडबड करणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून मुलींच्या रांगेत बसवणं. यात पोराची बेइज्जती होतेच, पण मुलींच्या शेजारी बसणं ही शिक्षा आहे हे आपण अख्ख्या वर्गाला शिकवतो, आणि मग तेच गुरुजी लिंगसमभावावर परिपाठात भाषण करतात. तिसरी, आणि ही खरंच बंद व्हायला पाहिजे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना "एससी एसटीवाले उभे राहा". जनरल रजिस्टरमधून यादी काढा, एकेकाला ऑफिसमध्ये बोलवा, कागद मागा, संपलं.

नियम तीन-चारच ठेवा आणि पोरांकडूनच काढून घ्या. "कुणी चुकलं की हसायचं नाही" हा त्यात पाहिजेच, आणि तो पहिल्यांदा मोडला जाईल तेव्हा तुम्ही काय करता ते सगळा वर्ग बघत असतो. त्या वेळी भाषण नको. शांतपणे थांबायचं, हसणाऱ्याकडे बघायचं, आणि ज्याचं चुकलं त्याला म्हणायचं, "तू इथपर्यंत बरोबर आला होतास, इथून पुढे बघू."

मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावू नका. त्याऐवजी कामं वाटा, खरी कामं: साउंड सिस्टीम लावणं, वाचनपेटीचं रजिस्टर, परसबागेला पाणी, पोषण आहाराला पंगत बसवणं. आणि मुद्दाम मागच्या बाकावरच्याला द्या, हुशार पोरांना कामं देणारे खूप असतात.

३. वाचता येतं का ते बघा, पण बाजूला घेऊन

हे काम जूनमध्येच उरकायचं. सहावी-सातवीच्या कुठल्याही वर्गात काही पोरं अशी असतातच की ज्यांना दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही, आणि ती लपवण्यात पटाईत झालेली असतात. कुणी शेजारच्याचं ऐकून ओठ हलवतं, कुणी पाठ केलेलं म्हणून दाखवतं, कुणाचं पुस्तक रोज घरी राहतं, कुणाचा घसा नेमका प्रकट वाचनाच्या तासाला बसतो. ही सगळी हुशारीच आहे, फक्त चुकीच्या जागी खर्च होतेय.

तर करायचं काय, बाकीच्यांना शुद्धलेखन द्यायचं आणि एकेकाला व्हरांड्यात बोलवायचं. ऑफ तास, मधली सुट्टी, जमेल तेव्हा. हातात एक उतारा, सात-आठ ओळींचा, साधा, त्यावर इयत्ता लिहिलेली नको आणि ससा-कासवाचं चित्र तर अजिबात नको. पोर वाचताना कुठे अडतं तेवढंच टिपायचं. काही जण साध्या शब्दाला अडत नाहीत पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते, 'कष्ट' चं 'कट' होतं, 'सूर्य' ला रफार सोडून देतात. काही जण अक्षर अक्षर लावतात आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असतात. काहींचं वाचन फाडफाड, पण "काय वाचलंस?" विचारलं की गप्प. या तिघांना तीन वेगळी कामं लागतात. पहिल्याला आठवडाभर एकाच प्रकारची जोडाक्षरं, दुसऱ्याला तोच छोटा उतारा रोज पुन्हा पुन्हा, तिसऱ्याला प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून एका वाक्यात सांगायला लावणं. गणिताचंही असंच, पाढे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकाने भागाकार, एवढं बघितलं की चित्र कळतं.

आता खरी अडचण. सातवीतल्या मिसरूड फुटलेल्या पोराला पहिलीचं पुस्तक दिलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला काम द्या की शनिवारी पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायची, आणि त्याची तयारी आठवडाभर तुमच्याजवळ करायची. पुस्तक तेच, पण आता तो शिकवणारा झाला. मोठ्यांना आवडेल असं सोपं साहित्यही पाहिजे: क्रिकेटच्या बातम्या, एसटीचं वेळापत्रक, बाजारभावाचं पान, खताच्या पोत्यावर छापलेला मजकूर. सोयाबीनचा भाव काढून दे म्हटलं की जोडाक्षर आपोआप वाचलं जातं.

वर्गात प्रकट वाचन घ्यायचंच असेल तर आदल्या दिवशी त्या पोराला कानात सांगा, उद्या हा परिच्छेद तुझा, घरी दोनदा वाचून ये. आवाज फुटलेल्या पोरांनाही हेच, त्यांचा आवाज मध्येच चिरकतो आणि वर्ग फुटतो, त्यांना जोडीने वाचायला द्या, नाहीतर लिहून दिलं तरी चालतंच की.

४. शिकवताना

एक उदाहरण नीट बघू, कारण हे प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्षी येतं. अपूर्णांकांची बेरीज, १/२ + १/३. निम्मा वर्ग २/५ लिहिणार. वरचे वर, खालचे खाली. आपण काय करतो, "लसावि काढायचा असतो, किती वेळा सांगितलं" म्हणून फुली मारतो, पोर लसाविची पद्धत पाठ करतं आणि आठवीत पुन्हा २/५ लिहितं.

त्याऐवजी २/५ तसंच फळ्यावर राहू द्या, कुणाचं आहे ते सांगू नका, आणि फक्त विचारा, "अर्धा मोठा की दोन पंचमांश?" थोडा वेळ शांतता. कागदाच्या १० सेंटिमीटरच्या पट्टीवर अर्धा म्हणजे ५, दोन पंचमांश म्हणजे ४. मग पुढचा प्रश्न, "अर्ध्यात अजून भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" इथे वर्गात जी चुळबुळ होते ना, ती खरी शिकण्याची जागा. आता १२ सेंटिमीटरची पट्टी कापायला सांगा, अर्धा म्हणजे ६, तिसरा भाग म्हणजे ४, मिळून १०, म्हणजे बारापैकी दहा, म्हणजे ५/६. पट्टी १२ चीच का घेतली, हा प्रश्न पोरांकडूनच येतो बऱ्याचदा, आणि तो आला की लसावि शिकवायची गरजच उरत नाही, त्यांना तो लागतोय. एक तास जातो यात, जाऊ द्या. अभ्यासक्रम मागे पडला तर चार उदाहरणं कमी सोडवा.

'कुणाचं उत्तर ते सांगू नका' हे मात्र विसरू नका. चुकीच्या उत्तरांवर चर्चा करायची तर ती बिननावाची पाहिजे, मी वह्यांमधून उचलून स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहितो.

प्रश्न विचारला की हात वर करणारी तीच पाच पोरं असतात. आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोला, मग सांगा, असं केलं की गप्प बसणारी मुलगी पण बोलते, कारण आता उत्तर "आमच्या दोघींचं" असतं, चुकलं तरी दोघींचं. गट पाडताना मुलींना फक्त सुंदर अक्षरात लिहायचं काम आणि प्रयोग मुलांनी करायचा हे होतंय का त्याकडे लक्ष ठेवा, होतंच ते.

वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला गणित ठेवू नका. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, त्यात मोबाईल आहे आणि शेतावरची कामंही आहेत. आळशी म्हणून बोलण्यापेक्षा पहिला तास हालचालीचा ठेवलेला बरा.

५. पोर उलटून बोललं तर

बोलणारच. कधीतरी बारकासा पोरगा वर्गासमोर "नाही करणार जा" म्हणेल आणि सगळ्या माना तुमच्याकडे वळतील. त्या क्षणी तुम्हालाही वाटतं आपली इज्जत गेली, म्हणजे आता दोघंही एकाच गोष्टीसाठी भांडताय, आणि त्यात तो चौदाचा आहे आणि तुम्ही अठ्ठावीसचे.

आवाज खाली आणा, वर नाही. "बरं, तास संपल्यावर बोलू" एवढं म्हणा आणि वर्ग पुढे न्या. दोन मिनिटांनी त्याच्या बाकाजवळून जाताना हळूच एखादं काम सांगा, पाणी पिऊन ये म्हणा, म्हणजे त्याला मागे फिरायला वाट राहते. नंतर एकट्याला विचारा, आणि "का केलंस" असं विचारायचं नाही, या वयात का केलं ते त्याला स्वतःलाच धड माहिती नसतं, मेंदूतला मागचापुढचा विचार करणारा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. "काय झालं होतं आज?" असं विचारा. निम्म्या वेळा उत्तर घरातलं निघतं. वर्गासमोर सॉरी म्हणायला लावू नका. म्हणेल तो, पण तुम्ही गमावलात त्याला.

छडी, उठाबशा, अंगठे धरणं, कोंबडा, उन्हात उभं करणं, हे आरटीईच्या कलम १७ नुसार बंद आहे, आणि त्यात मानसिक त्रासही येतो, म्हणजे टोचून बोलणंसुद्धा. पालक स्वतः येऊन सांगतील "गुरुजी, हाणा बिनधास्त, आम्ही काय म्हणणार नाही". त्यांना हसून नाही म्हणा. कायद्याचं सोडा, मार खाल्लेलं आठवीतलं पोर मधल्या सुट्टीत हिरो होऊन फिरतं आणि टोमणा खाल्लेलं पोर शाळा सोडतं.

६. अंगातले बदल

बऱ्याच शाळांवर सगळे पुरुष शिक्षक असतात आणि मग हा विषय कुणी काढतच नाही. काढायला लागतो. कपाटात पॅड ठेवा, एक जुना पण स्वच्छ पंजाबी ड्रेस ठेवा, साबण आणि जुने पेपर ठेवा, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी स्वतः तपासा, झाकणाची बादली आणा. कपाटाची किल्ली आठवीतल्या दोन मुलींकडे द्या म्हणजे दरवेळी सरांकडे यायला नको. "सर, पोटात दुखतंय" म्हणाली की कारण न विचारता जाऊ द्यायचं. आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताईंना महिन्यातून एकदा बोलवा, मुलींशी त्या बोलतील, आणि त्याच वेळी तुम्ही मुलांना घेऊन बसा. मुलांचे प्रश्न कुणी घेतच नाही, ते मग मोबाईलवर शोधतात.

प्रश्नपेटी ठेवायची असेल तर अशी ठेवा: सगळ्यांना एकाच मापाच्या चिठ्ठ्या, सगळ्यांनी लिहायचंच, ज्याला काही विचारायचं नाही त्याने "काही नाही" लिहून टाकायचं. म्हणजे पेन कुणाचा चालला त्यावरून कुणी ओळखत नाही. चिठ्ठ्या वर्गात उघडू नका, घरी वाचा, चेष्टेच्या बाजूला काढा (असतातच, रागावू नका) आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं द्या. दरदरून घाम, वास, मुरुमं, दाढी कधी येते, एकीकडची छाती दुखते हे नॉर्मल आहे का, असले प्रश्न असतात. सरळ भाषेत, न हसता सांगितलं की पोरं दुसऱ्या वेळी जास्त खरं विचारतात.

आठवड्याची निळी गोळी, म्हणजे लोहाची, ती उपाशी पोटी देऊ नका, खिचडीनंतरच द्या, नाहीतर दोघी-तिघींना मळमळतं आणि मग गावात बोभाटा. शौच काळी होते हे आधीच सांगून ठेवा, घाबरतात.

७. मोबाईल

शाळेत आणायचा नाही एवढ्याने संपत नाही. रात्री फ्री फायर, दिवसा झोप, इन्स्टावर मोठ्या भावाच्या नावाने अकाउंट, आणि वर्गाचा एक ग्रुप ज्यात तुम्ही नाही. भांडणं शाळेत दिसतात पण लागलेली तिथे असतात. एखाद्या मुलीचा फोटो फिरला किंवा फेक अकाउंट निघालं असं कानावर आलं तर तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवू नका, पुढे पाठवू नका, स्टाफच्या ग्रुपवर तर नाहीच. मुख्याध्यापकांना सांगा, मुलीच्या घरच्यांना शांतपणे भेटा, आणि पहिलं वाक्य असं पाहिजे की यात तिची चूक नाही. कारण घरी पहिली प्रतिक्रिया बहुतेक हीच, शाळा बंद.

८. घरी जाणं, आणि न येणारी पोरं

पहिल्या भेटीत तक्रार नको. काहीतरी चांगलं शोधून सांगा, खरं असलं पाहिजे फक्त. पोर बाजूला उभं असताना "लक्ष नाही याचं" म्हटलं की बाप तिथेच दोन ठेवून देतो आणि तुमचं त्या पोराशी खातं बंद. बाजारात, पारावर, लग्नात तर अभ्यासाचा विषयच काढू नका.

तुमची शाळा बीड, पाथर्डी, शेवगाव अशा भागात असेल तर दिवाळीच्या आसपास वर्ग रिकामा व्हायला लागतो. साखर कारखाने सुरू झाले की आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात, आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पाचवीपर्यंतची पोरं सोबत जातात आणि थोडी मोठी झाली की ती फडात कामालाच लागतात नाहीतर धाकट्यांना सांभाळतात. त्यामुळे सप्टेंबरमध्येच यादी काढा. कोण आजी-आजोबांकडे राहू शकतं, कुणाला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल, हे मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन घर आवरायच्या आधी बोलायला लागतं, गाडी भरायच्या दिवशी कोण ऐकतं. जे जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं, हजेरीवरून नाव काढू नका, आणि परत आल्यावर "आलात का हवा खाऊन" असलं काही बोलू नका, मागे पडलेलं काय ते चार-पाच महत्त्वाच्या गोष्टींवर आणा आणि एका मित्राची वही द्या.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीचा धोका आहे. तोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून लग्न लवकर उरकायची घाई असते, शिवाय "आम्ही सहा महिने बाहेर, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं" ही भीती, आणि ती भीती खोटी नाही. सातवी-आठवीतली मुलगी अचानक गप्प झाली, मैत्रिणी कुजबुजायला लागल्या, पाहुणे येऊन गेल्याचं कळलं, तर थांबू नका. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण पाहिजे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास फुकट आहे. तुमचं नाव पुढे न येता कळवता येतं. पण त्याआधी एकदा आईला एकटीला भेटा, पुष्कळ वेळा तिलाही नकोच असतं, तिला फक्त घरात सांगायला एक कारण पाहिजे असतं, आणि "सर म्हणत होते केस होते" हे चांगलं कारण आहे.

९. पोराने काही वाईट सांगितलं तर

शाळेत तक्रारपेटी असेल, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असेल, पण पोर सांगतं ते ज्याच्यावर विश्वास बसलाय त्याला, आणि तो कदाचित तुम्हीच असाल. कुणी अंगाला हात लावतो, घरात कुणी त्रास देतो, असं काही सांगितलं तर ऐकून घ्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२ चा, त्यात कलम १९ नुसार नुसती शंका असली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. खोदून खोदून विचारू नका, पुरावा गोळा करणं आपलं काम नाही, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून समोरासमोर तर मुळीच करू नका. त्याच दिवशी, पोराच्या शब्दात, तारीख टाकून लिहून ठेवा. "शाळेचं नाव जाईल, गावातल्या गावात मिटवू" असं सांगणारे भेटतीलच. मिटवायचं नाही.

१०. मूल्यमापन आणि परीक्षा, थोडक्यात

आकारिक (वर्गात वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं), दोन्ही. सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. वर्णनात्मक नोंदी मार्चमध्ये एका रात्रीत बसून "समाधानकारक" लिहिण्यापेक्षा वहीत दर आठवड्याला चार-पाच पोरांबद्दल एकेक ओळ लिहीत जा. २०२३-२४ पासून पाचवीप्रमाणे आठवीलाही वार्षिक परीक्षेत पास व्हायला लागतं, नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. पेपर वाटताना सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचायची पद्धत असेल तर ती तुमच्यापासून बंद करा, पेपर उलटा करून बाकावर ठेवा.

आठवीतल्या चांगल्या पोरांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), बुद्धिमत्ता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला ऑगस्टमध्येच काढायला लावा, तहसीलचं सर्व्हर ऐन वेळी झोपलेलं असतं.

११. आठवी झाल्यावर

गळती नेमकी इथे होते, कारण गावात शाळा आठवीपर्यंतच आणि हायस्कूल पुढच्या गावाला. एप्रिलमध्येच एकदा अख्खा वर्ग घेऊन त्या हायस्कूलला जाऊन या, मैदान दाखवा, तिथल्या एखाद्या मॅडमची ओळख करून द्या, आपल्या गावची नववी-दहावीतली पोरं भेटवा. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाचा तालुका असेल तर सायकलही मिळते, हे पालकांना पावसाळ्याआधी माहिती असलं पाहिजे, आणि एसटी थांबत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगारप्रमुखांना अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात, त्यांना पुढे करा.

दाखला देताना मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का ते समोर बसवून तपासा, पुढे दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला याच्यावरून फार धावपळ होते. आणि जूनच्या शेवटी जुन्या आठवीची यादी काढून एकेकाच्या घरी फोन लावा, नाव कुठे घातलं ते विचारा. ज्यांनी कुठेच घातलेलं नाही त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन या, जमलं तर त्या हायस्कूलच्या सरांना सोबत घेऊन, प्रवेशाचा कोरा फॉर्म खिशात ठेवून.